पहिली रांग

उजवं इंजिन हवेतच बंद पडलं, तरी कॅप्टनने उरलेल्या एकावर विमान मागे वळवून सगळ्यांना सुखरूप उतरवलं. विमान भरकटू नये म्हणून पेडल दाबून धरलेला डावा पाय शिडी उतरतानाही लटपटत होता. खाली कंपनीचे मालक पुष्पगुच्छ घेऊन फोटोवाल्यांसकट हजर! कॅप्टनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंजिन गुरगुरतंय म्हणून त्याने सकाळीच फोन केला, तेव्हा हेच खेकसले होते, "पगार विमान उडवायचा देतो, इंजिनाला कान लावायचा नाही! जमत नसेल तर घरी बसा!" आता तोंडात साखर! "शाब्बास! शेजारचं विमान तयार आहे, प्रवाशांना घेऊन निघा." "त्याचीही तपासणी तुम्हीच लांबवलीय." कॅप्टनने पुष्पगुच्छ त्यांच्याच हातात कोंबला. "तुम्ही पहिल्या रांगेत बसा, मग उडवतो." "मी... गाडीनेच जाईन म्हणतो," मालक चाचरले. शिडीवर टाळ्या वाजवणाऱ्या प्रवाशांचे हात हवेतच थांबले.