केसभर जाड

"माझी आहे म्हणून सांगितलं ना एकदा? मग विषय संपला!" वर्नमामा ओरडला.

"तुझी? तोंड बघ आरशात!" कोल्टरनं टेबलावर मूठ आपटली. "हॅल्वर आजोबा, हा धडधडीत खोटं बोलतोय. ती गोळी माझी आहे."

हॅल्वर आजोबा गॅरेजच्या दारात उभे होते. टोपीही काढली नव्हती त्यांनी. कॉफी विचारली तर नको म्हणाले. पलीकडच्या रँचचा हा म्हातारा एरवी दोन कप ढोसल्याशिवाय उठायचा नाही. आज आल्या आल्या रुमाल उलगडून गोळी टेबलावर ठेवली आणि एवढंच विचारलं, "ओढ्याकाठी काढली. दोघांपैकी कुणाची?"

शिशाची गोळी. पुढून चेपून भुईछत्रासारखी झालेली, बूड मात्र शाबूत.

डोंगरातला सिंह हिवाळाभर हॅल्वरची वासरं ओढून नेत होता. जो मारेल त्याच्या नावासकट कातडं नेमबाजांच्या क्लबात भिंतीवर लागेल, असं त्यांनीच सगळ्या खोऱ्यात सांगितलं होतं. परवा तिन्हीसांजेला मामा-भाचे ओढ्याकाठी दबा धरून बसले. समोरच्या झाडीत काहीतरी हललं. मामानं एक गोळी झाडली, लगेच कोल्टरनं एक. मग मामा एकटाच झाडीत जाऊन आला. "काही नाही तिथं. चल घरी," म्हणाला, आणि वाटेत एक शब्द बोलला नाही. सकाळी बातमी आली, त्या झाडीपलीकडे सिंह मरून पडलाय.

तेव्हापासून कोल्टरचा पाय जमिनीवर नव्हता. शाळा सोडल्यापासून त्याचं नाव निघालं की लोक नुसते माना हलवायचे. आता तेच नाव भिंतीवर लागणार होतं.

आणि हा मामा मधेच तंगडी घालत होता.

"पोरा, आत जा," मामा म्हणाला. "मोठ्यांचं चाललंय."

"मोठ्यांनी चोरी केली तरी चालते वाटतं?"

"कोल्टर!"

"बोलू दे त्याला," हॅल्वर म्हणाले. "तुझी कशावरून रे?"

कोल्टरला एवढंच पाहिजे होतं. त्यानं गोळी उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

"हा मामा गोळ्या ओततो मस्त. मला त्यानंच शिकवलं, नाही म्हणत नाही. पण ओतलेली गोळी डायच्या मापाच्या पोलादी भोकातून दाबून काढायची तर हा दुकानातली डाय आणतो नि तशीच वापरतो. डबीवर आकडा छापलाय ना, झालं! स्वतःच्या बंदुकीच्या नळीचं माप कधी घेतलंय का यानं?"

"बास झालं," मामा म्हणाला.

"मी घेतलं. मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकून बाहेर काढला, मायक्रोमीटर लावला. मग डाय आतून घासली. थोडी घासायची, गोळी काढायची, मोजायची, परत घासायची. बोटांची सालं निघाली. नळीपेक्षा केसभर जाड गोळी पाहिजे. मग ती नळीत गच्च बसते. सैल असली की मागची आग कडेनं निसटते नि शिसं खाते. मामाच्या गोळीचं बूड बघा कधी, कुत्र्यानं चाटल्यासारखं असतं. आणि हे बघा!"

हॅल्वरनी चष्मा लावला. बुडाची कड स्वच्छ होती, नुकतीच कातल्यासारखी. अंगावर नळीच्या आतल्या खाचांचे चरे खोल आणि सारखे उठले होते.

"कधी कधी माझीपण येते अशी," मामा म्हणाला. "हॅल्वर, तुम्ही माझं ऐका. पोरगं आहे ते. फुशारकी मारतंय. गोळी माझी, मी कबूल करतो."

"कबूल कसलं करतोस? चोरतोयस!" कोल्टरनं भिंतीवरच्या दोन्ही बंदुका काढल्या, रिकाम्या असल्याची खात्री केली. मामानं त्याचा हात धरला. कोल्टरनं तो झटकला. मामानं परत धरला, घट्ट, आणि नुसताच बघत राहिला त्याच्याकडे.

"सोड! हरायची लाज वाटते तर खेळावं कशाला?"

मामानं हात सोडला.

कोल्टरनं आधी मामाच्या नळीच्या तोंडाशी गोळीचं बूड लावलं. कशीही फिरवा, चरे जुळेनात. मग स्वतःच्या नळीला लावलं, जरा फिरवलं. कुलपात किल्ली जावी तशी ती आत सरकली नि बसली.

"घ्या!"

हॅल्वर वाकून बराच वेळ बघत राहिले. मग सावकाश सरळ झाले.

"एवढं नेमकं काम या खोऱ्यात दुसरं कुणी करत नाही," ते म्हणाले. "म्हणजे तुझीच. शंका नाही?"

"शंका कसली! आईची शपथ. लिहून देऊ का?"

कोल्टरची छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण तुटेल. त्यानं विजयानं मामाकडे पाहिलं. मामा स्टुलावर बसला होता, दोन्ही हातांत तोंड झाकून.

हॅल्वरनी गोळी परत रुमालात बांधली, खिशात घातली.

"सिंहाला लागली ती गोळी आरपार गेली, ती सापडलीच नाही," ते म्हणाले. "ही माझ्या घोडीच्या मानेतून काढली. निघतो मी आता, तिला पुरायचंय अजून."