फाटकाजवळचा नळ

“जुना नळ चालू असता, तर सवलत देता आली असती. पण चार वर्षं कनेक्शन बंद आहे. तेव्हा विकास शुल्क पूर्ण भरावं लागेल,” म्हणत नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी फाईल मिटली.

बिल्डरचा वकील आपले कागद आवरू लागला. चार वर्षांपूर्वी जुनी इमारत पाडून झाली, हा शुल्काचा वाद उभा राहिला आणि नवं बांधकाम अडलं. तेव्हापासून तिथली सोळा बिऱ्हाडं भाड्याच्या खोल्यांत दिवस काढत होती. त्यांतल्याच सावेबाई मागच्या बाकावरून उठल्या.

“नळ चालू आहे, साहेब. फाटकाजवळ, पत्र्याच्या कुंपणाआड. मी रोज संध्याकाळी जाऊन सोडते.”

“कशाला?”

सावेबाईंनी पदर सारखा केला. शाळेत शिकवून दमून आल्यावर त्याच नळावर पाय धुऊन एकतीस वर्षं त्या जिना चढल्या होत्या. आता नळापुढे जिना नव्हता, नुसता खड्डा होता.

“पाय धुवायला.”

वकिलाचा चेहरा उजळला. अधिकाऱ्यांनी फाईल पुन्हा उघडली, पण लिहिलं काहीच नाही.

“आणि मग?” त्यांनी हळूच विचारलं.

“मग काय, साहेब,” सावेबाई म्हणाल्या, “पाय वाळेपर्यंत उभी राहते.”