उत्पादकाची सही

“उत्पादकाची नोंदणी नसेल तर परदेशी कागद सुटत नाही, ताई,” कस्टमचे साहेब तिसऱ्यांदा म्हणाले. “अर्जावर त्यांची सही लागते. मुदत आज संपतेय.” “कागद तिकडे राहणाऱ्या माझ्या मामांनी बनवलाय. गठ्ठा पाठवला आणि आठव्या दिवशी ते गेले. सही कुठून आणू?” जुनी पुस्तकं दुरुस्त करताना मामांच्या कागदावाचून माझं पान हलत नाही. मी गठ्ठ्यातला एक ताव काढून खिडकीशी धरला. उजेडात, कागदाच्या अंगात, मामांची सही उमटली. साच्याच्या जाळीवर तार शिवून ते ती प्रत्येक तावात उतरवायचे. साहेब चष्मा काढून बघत राहिले. “सुरेख आहे हो,” ते म्हणाले. “पण ही मालात आहे. अर्जावर नाही.” मग त्यांनी ताव दोन्ही हातांनी परत ठेवला, कडा जुळवल्या, दोरी नीट बांधली आणि गठ्ठ्यावर ‘नष्ट करा’चा शिक्का मारला.