बोटभर वायर

स्वयंपाकघरातल्या बोर्डाचा शेवटचा स्क्रू तिने काढला आणि प्लेट हातात धरून ती तशीच बसून राहिली. सॉकेटच्या आत बोटभर वायरचा तुकडा होता. अर्थिंगच्या भोकापासून निघून शेजारच्या न्यूट्रलला जोडलेला. पीळ इतका सुबक की हात फिरवावासा वाटावा. तो घालणारी बोटं तिला पाठ होती.

बाबा मागे स्टुलावर बसले होते. मांडीवर नात, हातात पेन. घराचा वीजभार वाढवायच्या अर्जावर लायसनवाल्याची सही हवी होती, आणि लायसन लेकीला मागच्याच महिन्यात मिळालं होतं. बाबांनी पस्तीस वर्षं गल्लीतल्या घरांची वायरिंग केली, पण कागदाच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. सही नेहमी दुसऱ्याच कुणाची. आज ती घरातलीच होणार म्हणून सकाळपासून त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. पस्तीस वर्षं एका वायरमनला झेलतेय, आता दोन झाले, असं आई म्हणाली होती.

"झालं का वायरमनबाई?"

तिने मागे न वळताच सांगितलं की घराला अर्थिंग नाहीच, जमिनीत उतरणारी तार कुठेच नाही.

बाबा हसले. नातीला खाली ठेवून त्यांनी मेन चालू केला, होल्डरला वायरी लावलेला आपला जुना दिवा आणला आणि बाहेरच्या खोलीतल्या बोर्डात एक टोक फेजला, दुसरं अर्थिंगला लावलं. दिवा लख्ख लागला. मग हे काय आहे, असं त्यांनी नुसत्या भुवयांनी विचारलं.

"दिवा लागणारच, बाबा. तो न्यूट्रलवर लागलाय. उद्या न्यूट्रल कुठे सुटली, तर असा तुकडा फ्रिजच्या अंगात करंट आणून सोडेल."

"पस्तीस वर्षांत एकालाही शॉक बसलेला नाही."

"नाही बसला. पण ते नशीब झालं."

बोलून झाल्यावर तिलाच कसंतरी झालं. बाबा काही म्हणणार, तेवढ्यात नात रांगत स्वयंपाकघरात शिरली. धरून उभं राहायचं नवीनच शिकली होती. तिने फ्रिजच्या दारावर दोन्ही तळहात टेकवले आणि डुलत उभी राहिली. काही झालं नाही. ती आपली खिदळली.

बाबांनी झेप घालून मेन बंद केला. मग नातीला उचललं, आणि बराच वेळ तिचे तळवे आपल्या हातात धरून ठेवले.

उस्तादांनी असंच शिकवलं होतं, ते हळूच म्हणाले. अर्थिंगचा खड्डा खणतंय कोण? दिवा लागला की काम झालं.

तिला वाटलं, आता पेन परत खिशात जाईल. पण त्यांनी ते तिच्यासमोर धरलं.

"सही नको करूस. आत काय दिसलं ते लिही."

ती लिहीत होती, तेव्हा ते बोटांच्या पेरांवर घरं मोजत होते. शिवणकामवाल्या बाई. मास्तर. कोपऱ्यावरचे जुळे भाऊ. पहिला हात संपला, दुसरा संपला, मग त्यांनी मोजणं सोडून दिलं. नातीला तिच्या आजीकडे दिलं, लेकीची हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली आणि निघाले. ती धावतच मागे गेली.

शिवणकामवाल्या बाईंनी दार उघडलं. तोंडातली टाचणी काढून त्या म्हणाल्या, "काका, आज न बोलावता? काय बिघडलं?"

बाबांनी बाजूला होऊन लेकीला पुढे केलं.

"अजून काही नाही. पण तुझ्या घरात मी एक चूक करून ठेवलीय. ही माझी मुलगी, लायसन हिचं आहे. मी हिच्या हाताखाली."