चेहरा पुसलेला व्हिडिओ

नदीकाठी गोळ्या कुणी झाडल्या, हे कॅमेऱ्यासमोर सांगायला एकटे एवेलियोकाका तयार झाले, तेही चेहरा दिसणार नाही या बोलीवर. पोपायान शहरातल्या आमच्या खोलीत यादिरा अशा साक्षींसाठी ॲप बनवत होती आणि चेहरे धूसर करून देणारी फुकटची सेवा शोधत होती. एक सेवा व्हिडिओवर स्वतःचा शिक्का मारायची, दुसरी आधी कार्ड मागायची. तिसरी मात्र चेहरा धूसर करायची, आवाज बदलायची आणि लिंकसोबत दिसणारा छोटा फोटोसुद्धा चढवलेल्या व्हिडिओतून आपणहून तयार करून द्यायची.

"फुकट आणि एवढं सगळं? कुठेतरी पाणी मुरतंय," आमच्यातला विल्मार काळ्या कॉफीचा घोट घेत म्हणाला.

"मुरू दे. पैसे तू भरणारेस का?" यादिराने काकांना शेजारी बसवून व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवला. "बघा काका, तुमच्या बायकोलासुद्धा ओळखू येणार नाही."

"ती तर मी समोर बसलो तरी ओळख देत नाही," काका हसले आणि टोपी घालून गावाकडच्या बसमध्ये चढले.

यादिराने लगेच व्हिडिओची लिंक गावोगावच्या ग्रुपवर टाकली. काकांची बस अजून डोंगरातच होती, तेवढ्यात त्यांच्या शेजारणीचं उत्तर आलं.



"आमच्याकडे नेट रडतंय, व्हिडिओ काही उघडत नाही. पण लिंकवरच्या छोट्या फोटोत आमचे एवेलियोभाऊ काय झकास आलेत!"