महादेव कोंडला

"महाराज, परीक्षा घ्यायला देवाला आमच्याच घागरी दिसत्यात का?" धुरपताबाईनं तोंडावर विचारलं. बहात्तरच्या दुष्काळात मानवतजवळच्या त्या गावात विहिरी आटल्या होत्या, आणि पुजारी महाराजांचा हुकूम होता की गाभाऱ्याची मोरी बुजवून घरटी एक घागर ओता. पिंड बुडाली की पाऊस आलाच.

"बाई, भरवसा ठेव. देवापुढं पाणी पाणी करू नये," महाराज म्हणाले.

धुरपताबाईनं भरवसा ठेवला. घरातली एकुलती एक घागर ओतली, तरी पिंड चार बोटं उघडीच. मग ती महाराजांच्या घरात शिरली आणि त्यांचा रांजण उपसून पिंड बुडवली.

"अगं, ते प्यायचं पाणी होतं," महाराज कळवळले.



"मग आमचं कशाचं व्हतं, महाराज?"