वाढल्या भावाला हात नाही

"लाल घेऊ का हिरवी, सांग ना वं," नत्थूजी म्हणाले.

रंभाबाई गॅरेजमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. डावा हात मांडीवर, त्याला उजव्या हाताचा आधार. "तुमाले आवडंल ते घ्या," त्या म्हणाल्या. गाड्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

हिला विचारून उपयोग नाही, हे नत्थूजींना ठाऊक होतं, तरी विचारल्याशिवाय राहवत नव्हतं. सकाळपासून त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता. लाल एमजीपासून हिरव्या ट्रायम्फपर्यंत जायचं, बोनेटवर हात फिरवायचा, की परत लालकडे. दोन्ही जुन्या विलायती स्पोर्ट्स कार. दोनच माणसं बसणार आणि छप्पर मागे दुमडणार. जन्मभर नरखेडची संत्री कळमन्याच्या बाजारात विकली, ती काय ट्रकच्या केबिनमध्ये बसून मरायला? एकदा तरी उघड्या गाडीत वारा खायचा होता.

"भाव सांग गा," ते म्हणाले.

गॅरेजवाला चाळिशीचा असेल. डोक्यावर टोपी, शर्टावर तेलाचे डाग. बोलायला मात्र गोड. "हिरवी बावीस लाख, काकाजी. लाल एकोणीस. काल लाल अठराले होती."

काल अठरा होती, असं तो म्हणाला आणि नत्थूजींना ते पटलं. "एका रात्रीत लाख वाढला? काहून?"

"मौद्याचा एक कंत्राटदार मागं लागला आहे. दुसरी अशी गाडी सापडत नाही, मंग भाव वाढंल नाही तर काय."

नत्थूजींनी पटकन लालच्या बोनेटवर हात ठेवला. कंत्राटदाराच्या खिशाला तळ नसतो. उद्या येऊन तो लाल उचलून नेईल आणि आपण बसू हात चोळत.

चहा आला. बिनसाखरेचा.

"तुले कसं माहीत, मले साखर चालत नाही?"

"या वयात कोणाले चालते, काकाजी."

हुशार आहे, नत्थूजींना वाटलं. कपातला चहा तसाच ठेवून ते हिरवीच्या डाव्या अंगाला गेले. पत्रा दरवाज्यापर्यंत आत दबला होता.

"ही कोणं ठोकली?"

"घरच्याच माणसानं."

"गाढव असंल. गाडी द्याची तर माणूस पाहून द्या. असा माणूस घरात असला तर चाव्या लपवून ठेवा लागते."

"ठेवल्या, काकाजी."

रंभाबाईंनी पदर सावरला. पदराच्या गाठीत काहीतरी किणकिणलं.

ठोकलेली गाडी अपशकुनी, म्हणून हिरवी बाद झाली. एवढं ठरल्यावर नत्थूजींना जरा बरं वाटलं. ते लालमध्ये जाऊन बसले. सीट त्यांच्या पायांच्या मापाचीच निघाली. न पाहता त्यांचा हात डॅशबोर्डखाली गेला, खटका ओढला आणि बोनेट टक्कन उघडलं.

"चावी दे. चालू करून पाहतो."

"बॅटरी उतरली आहे. सौदा झाला का नवी टाकून देतो."

"मंग टाक. लालच घेतो, आजच नेतो." ते उतरले. आवाज उगाच चढला होता. "संत्र्याले फूल आलं आहे बागेत. हिले बाजूले बसवून न्यायचं आहे. फूल काय माह्यासाठी थांबणार आहे? माहा पोरगा असता तर त्यानं तुह्यासंग घासाघीस केली असती. पण तो पुण्यात. बापाले एक फोन कराले वेळ नाही त्याले."

गॅरेजवाला पाना पुसत होता. पाना स्वच्छ झाला होता, तरी पुसत होता. "करंल फोन," तो म्हणाला.

नत्थूजींनी सौद्यासाठी हात पुढे केला.

गॅरेजवाल्याने रंभाबाईंकडे पाहिलं. रंभाबाईंनी मान खाली घातली.

"एक सांगाचं राहिलं, काकाजी. तुमी तिकडं पत्रा पाहून राहिले होते, तवा मौद्याचा मेसेज आला. लाल आता वीसले गेली."

पुढे केलेला हात तसाच थांबला, मग हळूच मागे आला. वाढल्या भावाला त्याच दिवशी हात लावायचा नाही, मध्ये एक रात्र जाऊ द्यायची, हा त्यांच्या वडिलांचा नियम. भल्याभल्या बागांचे सौदे नत्थूजींनी त्यापायी सोडले, पण नियम सोडला नाही. पोराच्या, पियूषच्या डोक्यातही त्यांनी तो मिसरूड फुटायच्या आत ठोकून बसवला होता.

"उद्या येतो," ते कसेबसे म्हणाले. "तोवर कोणाले देऊ नको बापू."

"नाही देत, काकाजी. तुमचीच आहे."

बाहेर ऊन चढलं होतं. नत्थूजी रिक्षा शोधायला लागले. घर कुठे दूर राहिलं, कोण जाणे.

"रिक्षा कशाले," रंभाबाई म्हणाल्या. "चाला ना जरा." त्यांनी उजव्या हाताने नवऱ्याचं मनगट धरलं. किराणा दुकानावरून दोघं वळले, मारुतीच्या देवळापाशी पुन्हा वळले. नत्थूजींचा जीव मागेच अडकला होता.

"उद्या एकवीस झाली तर?"

"उद्याचं उद्या पाहू."

"तू बसशील ना वं माह्या बाजूले? भेव तर नाही वाटणार?"

रंभाबाईंनी दुखरा डावा हात पोटाशी धरला. मग म्हणाल्या, "बसीन. तुमच्या बाजूले नाही तर कोणाच्या बसू?"

फाटक आलं. घराच्या मागच्या अंगाला शटर ओढल्याचा आवाज झाला. रंभाबाईंनी बेल वाजवली नाही, थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग दार आतून उघडलं. दारात गॅरेजवाला उभा होता. टोपी काढलेली, शर्ट बदललेला, नखांत तेवढं काळं तेल राहिलेलं.

"पियूष," नत्थूजींचा चेहरा फुलला, "पुण्याहून कधी आला गा?"